आधी ऐका, मग हाक मारा
लिंगओळखीचा मान राखणारी मराठी कशी बोलावी : रायगडच्या किनाऱ्यावरच्या वाचकांसाठी

उरणपासून श्रीवर्धनपर्यंतच्या किनाऱ्यावर रोज नवी माणसं येतात. मांडव्याला बोट लागते, रेवसला लाँच लागते, शनिवारी नागाव, काशीद, दिवेआगरच्या घरगुती खोल्या भरतात. या पाहुण्यांमध्ये पारलिंगी माणसं असतात. ती आपल्या गावांतही असतात: कुणाच्या घरात, कुणाच्या वर्गात, मासळी बाजारात, बँकेच्या रांगेत. बहुतेकांना त्यांच्याशी वाईट वागायचं नसतं. पण बोलायची वेळ आली की जीभ अडते. ‘आला’ म्हणायचं की ‘आली’? दादा की ताई? या गोंधळात कुणी गप्प राहतं, कुणी हसून वेळ मारून नेतं, कुणी टक लावून बघत बसतं. यातलं काहीच समोरच्याच्या नजरेतून सुटत नाही.

ही अडचण खरी आहे, आणि ती सुटण्याजोगी आहे. त्यासाठी नवी भाषा शिकावी लागत नाही. आपल्या मराठीतच मान राखायच्या भरपूर सोयी आहेत. त्या कुठे आणि कशा वापरायच्या, ते इथे क्रमाने मांडतो.

चार गोष्टी वेगळ्या ओळखा

पहिली गोष्ट शरीर. बाळ जन्मलं की शरीर पाहून मुलगा किंवा मुलगी अशी नोंद होते. काही बाळांच्या शरीरात दोन्हींची लक्षणं असतात किंवा ती स्पष्ट नसतात. त्यांना आंतरलिंगी म्हणतात.

दुसरी गोष्ट लिंगओळख, म्हणजे ‘मी पुरुष आहे’, ‘मी स्त्री आहे’ किंवा ‘मी या दोन्हींत बसत नाही’ ही आतली जाणीव. बहुतेकांची ही जाणीव जन्मनोंदीशी जुळते, म्हणून त्यांना ती वेगळी जाणवतही नाही. ज्यांची जुळत नाही ते पारलिंगी. जन्माच्या वेळी मुलगा म्हणून नोंद झालेली, पण स्त्री असलेली व्यक्ती म्हणजे पारलिंगी स्त्री. मुलगी म्हणून नोंद झालेला, पण पुरुष असलेला तो पारलिंगी पुरुष.

तिसरी गोष्ट वेश आणि वागणं. शिमग्याच्या सोंगात एखादा तांडेल लुगडं नेसतो, म्हणून तो स्त्री होत नाही. बालगंधर्वांनी रंगभूमीवर स्त्रीभूमिका अजरामर केल्या, ती त्यांची कला होती. उलट एखादी पारलिंगी स्त्री घरच्यांच्या धाकाने आयुष्यभर शर्ट-पँटमध्ये वावरते, तरी तिची ओळख स्त्रीचीच राहते. कपड्यांवरून निष्कर्ष काढणं म्हणूनच फसवं ठरतं.

चौथी गोष्ट आकर्षण. कुणाला कोण आवडतं हा वेगळा विषय आहे. समलिंगी पुरुष हा पुरुषच असतो, समलिंगी स्त्री ही स्त्रीच असते. ‘पारलिंगी’ आणि ‘समलिंगी’ या शब्दांची गल्लत करू नये.

या चार गोष्टी मनात वेगळ्या झाल्या की आचरट प्रश्न आपोआप गळून पडतात.

हे बाहेरून आलेलं खूळ नाही

‘हे सगळं परदेशी आहे’ असं म्हणणाऱ्याला आपल्याच जिल्ह्यातल्या घारापुरीला न्यावं. उरण तालुक्यातल्या या बेटावरच्या लेण्यात त्रिमूर्तीशेजारी अर्धनारीश्वराचं भव्य शिल्प आहे. वारकऱ्यांनी पंढरीच्या विठोबाला ‘विठाई’ म्हटलं, ज्ञानेश्वरांना ‘माउली’ म्हटलं, आणि त्यात कुणाला वावगं वाटलं नाही. देवाचं शिल्प आणि संतांची भक्ती म्हणजे पारलिंगी माणसाचं आयुष्य नव्हे, हे खरं आहे. पण स्त्री-पुरुषपणाच्या रेषा लवचीक असू शकतात, ही कल्पना या मातीला परकी नाही, एवढं त्यातून नक्की कळतं.

आकडेही बोलके आहेत. २०११च्या जनगणनेत स्त्री आणि पुरुष यांच्याशिवाय ‘इतर’ अशी नोंद करण्याची सोय होती. देशभरात ४,८७,८०३ आणि महाराष्ट्रात ४०,८९१ जणांची तशी नोंद झाली. भीतीपोटी नोंद न केलेले वेगळेच.

१५ एप्रिल २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या याचिकेवर निकाल देताना तृतीयपंथीयांना कायदेशीर ओळख दिली आणि आपली लिंगओळख आपण ठरवणं हा माणसाच्या प्रतिष्ठेचा भाग मानला. मुंबईच्या गौरी सावंत आणि ठाण्याच्या लक्ष्मीनारायण त्रिपाठी या दोघी त्या लढ्यात होत्या. २०१९च्या पारलिंगी व्यक्ती (हक्कांचे संरक्षण) कायद्याने शिक्षण, नोकरी, आरोग्यसेवा आणि घर यांबाबतीत भेदभावाला बंदी घातली. हा कायदा १० जानेवारी २०२० पासून लागू झाला.

खेड्यापाड्यांतल्या लोकांनीही वाट दाखवली आहे. सोलापूर जिल्ह्यातल्या तरंगफळ गावाने २०१७ मध्ये तृतीयपंथी असलेल्या ज्ञानदेव कांबळे यांना सरपंच म्हणून निवडून दिलं. जळगाव जिल्ह्यातल्या भादली बुद्रुकच्या पारलिंगी अंजली पाटील यांचा महिला प्रभागातला उमेदवारी अर्ज आधी नाकारला गेला. जानेवारी २०२१ मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने त्यांना महिला म्हणून लढू दिलं आणि गावाने त्यांना निवडून दिलं. मतदारांना जे जमलं ते आपल्याला रोजच्या बोलण्यात जमायला हरकत नाही.

क्रियापद ऐका

इंग्रजीत सर्वनामाची चर्चा होते, कारण तिथे लिंग मुख्यतः सर्वनामात दिसतं. मराठीत ते क्रियापदातही दिसतं. ‘मी आलो’, ‘मी आले’. ‘मी जातो’, ‘मी जाते’. आपल्या भाषेत माणूस स्वतःबद्दल पहिलं वाक्य बोलतो तेव्हाच बहुधा आपली ओळख सांगून मोकळा होतो. म्हणून पहिला नियम सोपा आहे: समोरची व्यक्ती स्वतःसाठी कोणतं क्रियापद वापरते ते ऐका आणि तेच वापरा. आवाज जाड असेल, दाढीची खूण दिसत असेल, पण ती व्यक्ती ‘मी कालच आले’ म्हणत असेल, तर तुमच्या तोंडूनही ‘त्या कालच आल्या’ असंच यायला हवं.

याला एक अपवाद लक्षात ठेवा. काही भागांत, विशेषतः कोल्हापूरकडे, मुलीही सहज ‘मी आलो’ म्हणतात. त्यामुळे एका क्रियापदावरून शेवटचा निकाल देऊ नका. नाव, सोबतची माणसं कशी हाक मारतात, हेही ऐका.

ऐकूनही कळलं नाही तर दुसरा नियम: ‘तुम्ही’ म्हणा. ‘तू कुठे राहतोस’ किंवा ‘राहतेस’ म्हणताना लिंग ठरवावंच लागतं. ‘तुम्ही कुठे राहता?’ यात ते ठरवावं लागत नाही. ‘तुम्ही कधी आलात?’, ‘तुम्ही जेवलात का?’, ‘तुम्ही काय म्हणालात?’ ही रूपं सर्वांना सारखी लागू पडतात. बोलण्यात ‘तुम्ही कधी आले’, ‘तुम्ही कधी आल्या’ असंही येतं. तिथे ‘आलात’ म्हटलं की प्रश्न मिटतो. मान द्यायला वापरलं जाणारं हे रूप इथे दुहेरी कामाला येतं.

तिसऱ्या माणसाबद्दल बोलताना थोडं वाक्य वळवावं लागतं. ‘तो आला’, ‘ती आली’, ‘ते आले’, ‘त्या आल्या’ या सगळ्यांत लिंग आहे. पण ‘त्यांनी सांगितलं’, ‘त्यांना उद्या निघायचं आहे’, ‘त्यांचं सामान खोलीत आहे’, ‘त्यांच्याकडे तिकीट आहे’ यांत ते नाही. भविष्यकाळही मदतीला येतो: ‘पाहुणे उद्या निघतील.’ ‘व्यक्ती’ हा शब्द व्याकरणाने स्त्रीलिंगी असला तरी कुणालाही लागतो. अर्जात, तक्रारीत, बातमीत तो निर्धास्त वापरा. लहानांसाठी ‘मूल’, ‘लेकरू’ आहेतच.

एक रूप मात्र कटाक्षाने टाळा. मोठ्या माणसासाठी एकवचनी नपुंसकलिंग: ‘ते बघ आलं’, ‘हे काय बोलतंय’. व्याकरणात तिसरं लिंग आहे म्हणून तिसऱ्या ओळखीला ते चालेल, असं कुणी समजू नये. आपण असं बोलतो तेव्हा माणसाला वस्तू करून टाकतो, आणि ऐकणाऱ्याला ते बरोबर कळतं.

जे स्वतःला स्त्री किंवा पुरुष मानत नाहीत, त्यांच्यासाठी एकच ठरलेलं रूप मराठीत अजून रुळलेलं नाही. कुणी आदरार्थी अनेकवचन पसंत करतं, कुणाला दोन्ही रूपं चालतात. अशा वेळी, आणि एरवीही कळत नसेल तेव्हा, शांतपणे एकट्यात विचारा: ‘तुम्हाला कसं बोललेलं आवडेल?’ चारचौघांत, मोठ्या आवाजात विचारलं तर चांगला प्रश्नही चौकशी होऊन बसतो.

हाक, नाव आणि शब्द

किनाऱ्यावर आपण अनोळखी माणसालाही नात्याने हाक मारतो. दादा, ताई, काका, मावशी. ही चांगली रीत आहे, ती सोडायची गरज नाही. साडी नेसलेल्या पारलिंगी स्त्रीला ‘ताई’ किंवा ‘मावशी’ म्हणा. पारलिंगी पुरुषाला ‘दादा’ म्हणा. खात्री नसेल तर ‘नमस्कार, या’ म्हणा आणि नाव विचारा. सभेत ‘बंधू आणि भगिनींनो’ऐवजी ‘मंडळी’, ‘गावकरी मित्रहो’, ‘जमलेल्या सर्वांनो’ म्हणता येतं. त्यातून कुणीच बाहेर राहत नाही.

शब्दांच्या बाबतीत ‘पारलिंगी’ आणि ‘ट्रान्सजेंडर’ हे सर्वसाधारण वापराला योग्य आहेत. ‘तृतीयपंथी’ सरकारी कागदांत आणि वर्तमानपत्रांत रूढ आहे, पण पारलिंगी पुरुषांना तो अनेकदा आपला वाटत नाही. ‘हिजडा’ ही गुरू-चेल्यांची परंपरा असलेल्या एका समुदायाची जुनी ओळख आहे. त्या समुदायातले लोक तो शब्द अभिमानाने वापरतात. लक्ष्मी त्रिपाठींच्या आत्मकथनाच्या नावातच तो आहे. पण बाहेरच्याने रागाने किंवा थट्टेने तो फेकला की ती शिवी होते. प्रत्येक पारलिंगी व्यक्ती या समुदायातली असते, असंही नाही. ‘छक्का’, ‘बायल्या’ हे शब्द, आणि चिडवायला वाजवलेली टाळी, कुठेच नको. क्रिकेटच्या मैदानात नको, नाक्यावर नको, मित्रांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटातही नको. एखादा नाजूक चालीचा मुलगा हे शब्द ऐकत मोठा होतो आणि शाळा सोडतो. अशा मुलांची आठवण आपल्यापैकी अनेकांच्या गावात निघेल.

बाजारात किंवा गाडीत कुणी पैसे मागितले तर द्यायचे की नाही हा तुमचा निर्णय. द्यायचे नसतील तर ‘आज नको, मावशी’ एवढं पुरे. हिडीसफिडीस करण्याची गरज नसते. घर, शाळा आणि नोकरी या तिन्हींनी दार लावल्यावर कमाईचे किती मार्ग उरतात, याचा विचार नोट खिशात ठेवतानाही करता येतो.

काही प्रश्न विचारूच नका. ऑपरेशन झालं का? आधीचं नाव काय? खरे तुम्ही कोण? लग्न कसं करणार? आपण ओळखीच्या माणसालाही त्याच्या शरीराबद्दल असं विचारत नाही. आणि कुणी विश्वासाने स्वतःबद्दल सांगितलं, तर ते तुमच्यापाशीच राहू द्या. त्या व्यक्तीची गोष्ट कुणाला आणि कधी सांगायची, हे तिचं तिने ठरवायचं.

जिथे रोज गाठ पडते

*घरगुती निवास चालवणाऱ्यांनी :* ओळखपत्राची नोंद नियमाप्रमाणे घ्या. आधार कार्डावर जुनं नाव आणि जुना फोटो असू शकतो. नोंदवहीत तेच लिहा, पण हाक मात्र पाहुण्यांनी सांगितलेल्या नावानेच मारा आणि स्वयंपाकघरातल्या, खोल्या आवरणाऱ्या माणसांनाही तेच नाव सांगा. फरक दिसला म्हणून मोठ्याने विचारपूस करू नका. परवानगीशिवाय फोटो किंवा व्हिडिओ काढू नका. ‘फक्त कुटुंबांसाठी’ या पाटीचा वापर कुणाला परत पाठवायला करू नका.

*शिक्षकांनी :* हजेरीपटावरचं नाव बदलायला वेळ लागतो, वर्गात हाक मारायचं नाव बदलायला लागत नाही. मुलगे एका ओळीत, मुली दुसऱ्या ओळीत, असं प्रत्येक कामात करायची गरज नाही. हजेरी क्रमांकाने किंवा बाकांप्रमाणेही गट पडतात. चिडवणं दिसलं की त्याच दिवशी थांबवा. मूल तुमच्याशी मोकळेपणाने बोललं, तर घरी कळवण्याआधी त्यालाच विचारा: घरी काय माहीत आहे, कुणाची भीती वाटते? न विचारता कळवल्याने मार बसू शकतो.

*आरोग्य केंद्रात आणि दवाखान्यात :* भरल्या पडवीत कागदावरचं जुनं नाव पुकारण्यापेक्षा नंबर पुकारा. ताप घेऊन आलेल्या माणसाला तापाबद्दलच विचारा. जागतिक आरोग्य संघटनेने आजारांच्या अकराव्या वर्गीकरणात, जे २०२२ पासून लागू झालं, लिंगओळखीतली ही विसंगती मानसिक आजारांच्या प्रकरणातून काढली आहे. ‘सुधारण्याचे’ उपचार करणं हे डॉक्टरांचं गैरवर्तन ठरतं, असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये स्पष्ट केलं.

*ग्रामपंचायतीने, संस्थांनी आणि बचत गटांनी :* अर्जात ‘पुरुष’ आणि ‘स्त्री’ यांच्यासोबत ‘तृतीयपंथी’ हाही पर्याय ठेवा. जिथे लिंग विचारायची गरजच नाही, उदाहरणार्थ वाचनालयाच्या वर्गणीत, तिथे तो रकाना काढून टाका. हळदीकुंकवाला गावातल्या पारलिंगी स्त्रीला घरी जाऊन बोलावणं द्या. एका बोलावण्याने गावाला जे समजतं ते दहा भाषणांनी समजत नाही.

घरात

सगळ्यात अवघड जागा घर. मूल एक दिवस म्हणतं, ‘आई, मी मुलगा नाही.’ त्या क्षणी आईबाबांच्या मनात लोक काय म्हणतील, नातेवाईक काय म्हणतील, पुढे कसं होईल, हे सगळं एकदम उभं राहतं. ही भीती खोटी नाही. पण ती मुलावर काढू नका. पहिलं वाक्य एवढंच असू द्या: ‘तू सांगितलंस ते बरं केलंस. आम्ही आहोत.’ पटलं नसलं, समजलं नसलं तरी हे म्हणता येतं. समजून घ्यायला नंतर वेळ घ्या.

लहान मुलाने बाहुलीशी खेळणं किंवा मुलीने केस बारीक कापणं, एवढ्यावरून काहीच ठरत नाही. घाईने शिक्का मारू नका आणि घाईने नाकारूही नका. मूल पुन्हा पुन्हा, ठामपणे, त्रास होत असताना सांगत असेल तर ते गांभीर्याने ऐका आणि चांगल्या समुपदेशकाची मदत घ्या. भगताकडे, देवऋषीकडे नेऊ नका. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणं हा महाराष्ट्राच्या २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्यानुसार गुन्हा आहे. ‘लग्न लावून दिलं की सुधारेल’ असं म्हणून दोन आयुष्यं उद्ध्वस्त करू नका.

नवं नाव, नवं क्रियापद जिभेवर बसायला घरच्यांना सर्वांत जास्त वेळ लागतो, कारण त्यांनी जुन्या नावाने अंगाई म्हटलेली असते. सराव हाच उपाय. मूल समोर नसतानाही आपापसांत बोलताना नवंच नाव वापरा.

चुकलं तर

‘आला’ऐवजी ‘आली’ म्हणायला हवं होतं हे लक्षात आलं की लगेच दुरुस्त करा: ‘सॉरी, आली.’ आणि पुढे बोला. लांबलचक माफी मागू नका. मग समोरच्यालाच तुमची समजूत घालत बसावं लागतं. दुसऱ्या कुणी चुकीचं बोललं तर भांडण न करता योग्य रूप वापरून वाक्य पुढे न्या. मुद्दाम खिजवत असेल तर मात्र स्पष्ट थांबवा. हे काम त्या पारलिंगी माणसावर एकट्यावर टाकू नका.

मदत कुठे मिळेल

ओळख प्रमाणपत्राचा अर्ज जिल्हा प्रशासनाकडे जातो. त्याचे नियम बदलत असतात, म्हणून ऐकीव माहितीवर किंवा दलालावर विसंबू नका. अलिबागला समाजकल्याण कार्यालयात किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात चालू नियम विचारून घ्या. मोफत कायदेशीर मदतीसाठी १५१०० हा क्रमांक आहे. मन खचलं असेल, जीव द्यावासा वाटत असेल, तर ‘टेलि-मानस’च्या १४४१६ वर रात्री-अपरात्रीही बोलता येतं. मुलांसाठी १०९८ आणि तातडीच्या संकटात ११२. मराठीत वाचायचं असेल तर पुण्यात समपथिक ट्रस्ट स्थापन करणारे बिंदुमाधव खिरे यांनी लैंगिकता आणि लिंगओळख या विषयांवर सोप्या भाषेत पुस्तकं लिहिली आहेत. आईवडिलांनी ती जरूर वाचावीत.

कायदे आणि निकाल कागदावर हक्क देतात. त्या हक्काचा अनुभव मात्र माणसाला तिकिटाच्या खिडकीवर, वर्गात, दवाखान्याच्या बाकावर आणि स्वतःच्या घरी येतो, आणि तिथे बोलणारे तुम्ही-आम्ही असतो. म्हणून आजच एक करा. तुमच्या ओळखीच्या एखाद्या माणसाला तुम्ही आजवर त्याला नको असलेल्या नावाने किंवा शब्दाने हाक मारत असाल, तर आजपासून त्याला हव्या असलेल्या नावाने मारा. घरातल्या मुलांसमोर मारा, म्हणजे तीही तसंच बोलायला शिकतील.